पहिल्या पंधरा मॅचमध्ये काय कळतं? एनबीएच्या सुरुवातीचे हिरो आणि झिरो

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना मध्ये मध्ये येणारे 'अं' आणि 'म्हणजे ना' काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

ऑक्टोबरचा शेवट आला की एनबीएचा सीझन सुरू होतो आणि आपल्यातले काही वेडे लोक पहाटे साडेचारचे अलार्म लावायला लागतात. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे गेली की साडेपाच. तेवढीच तासभर जास्त झोप.

दोन-तीन आठवडे होतात न होतात तोच निकाल जाहीर व्हायला लागतात. 'हा प्लेअर संपला.' 'ही टीम यंदा चॅम्पियन.' 'या कोचला हाकला.' ८२ मॅचचा सीझन असतो, त्यातल्या जेमतेम पंधरा झालेल्या असतात. म्हणजे सहामाहीचा पेपर सुरू होऊन अर्धा तासच झालाय आणि शेजारच्या काकूंनी मुलाचा निकाल सोसायटीभर सांगून टाकलाय.

आजचा प्रश्न एवढाच: सुरुवातीच्या या मॅचेसमधून खरंच काय कळतं आणि काय कळत नाही? त्यासाठी मी २०२४-२५ चा सीझन घेतोय. कारण साधं आहे, त्या सीझनची उत्तरपत्रिका आपल्या हातात आहे. नोव्हेंबरमध्ये कोण काय वाटत होतं आणि जूनमध्ये काय निघालं, हे दोन्ही शेजारी ठेवून बघता येतं.

नोव्हेंबर २०२४ चं चित्र

आधी त्या वेळचं टेबल डोळ्यांसमोर आणा.

क्लीव्हलंड कॅव्हलियर्स: १५-०. नवे कोच केनी ॲटकिन्सन, टीम जवळपास तीच, आणि सलग पंधरा विजय. सोळाव्या मॅचमध्ये बॉस्टनने त्यांना हरवलं, तेही तीनच पॉइंट्सनी.

फीनिक्स सन्स: ८-१. केविन ड्युरंट, डेव्हिन बुकर, ब्रॅडली बील, आणि लीगमधली सगळ्यात महागडी टीम. सगळे म्हणाले, बघा, पैसे वसूल.

दुसऱ्या टोकाला फिलाडेल्फिया. पॉल जॉर्जला चार वर्षांसाठी २१.२ कोटी डॉलर्सचा करार देऊन आणलेलं, आणि सुरुवात २-१२. मिलवॉकी २-८. आदल्या वर्षी ईस्टर्न कॉन्फरन्सच्या फायनलपर्यंत गेलेली इंडियाना पेसर्स २५ मॅचेसनंतर १०-१५.

आता उत्तरपत्रिका. क्लीव्हलंड ६४-१८, म्हणजे सुरुवात खरी ठरली. फीनिक्स ३६-४६, प्लेऑफ सोडा, प्ले-इनमध्येसुद्धा नाही, आणि कोच माइक बुडनहोल्झरची नोकरी गेली. फिलाडेल्फिया २४-५८, म्हणजे वाईट सुरुवातही खरी ठरली. मिलवॉकी ४८-३४, शिवाय मध्येच डिसेंबरमध्ये एनबीए कप जिंकून मोकळे. आणि इंडियाना? ५०-३२, मग थेट फायनल, आणि फायनलच्या सातव्या मॅचपर्यंत झुंज.

म्हणजे चांगल्या सुरुवातींपैकी एक खरी, एक खोटी. वाईट सुरुवातींपैकी एक खरी, दोन खोट्या. आता नोव्हेंबरमध्येच यातला फरक ओळखता आला असता का? बऱ्याच प्रमाणात, हो. पण त्यासाठी प्रत्येक आकड्यामागे तीन वेगवेगळी कारणं असू शकतात, हे आधी मान्य करायला लागतं: नशीब, जाणारं कारण आणि राहणारं कारण.

पहिलं कारण: नशीब

नशीब म्हणजे राशिभविष्य नाही हो, साधं गणित. कागदावरचा एक प्लेअर घ्या. त्याची थ्री-पॉइंटरची खरी क्षमता ३७ टक्के. मॅचला सहा प्रयत्न, पंधरा मॅचेस, म्हणजे एकूण ९० प्रयत्न. हिशेबाने ३३ पडायला हवेत.

पण नाणं दहा वेळा उडवलं की दर वेळी बरोबर पाचच छापे येतात का? नाही ना. तसंच इथे. या प्लेअरची क्षमता तसूभरही बदलली नाही, तरी साधारण तीनात एकदा त्याचे पहिल्या पंधरा मॅचमध्ये २८ किंवा त्याहून कमी पडतील, नाहीतर ३८ किंवा त्याहून जास्त. २८ पडले म्हणजे ३१ टक्के, 'याला बेंचवर बसवा'. ३८ पडले म्हणजे ४२ टक्के, 'याला ऑल-स्टारला पाठवा'. प्लेअर तोच, मनगट तेच.

टीमचंही तसंच. अगदी मध्यम टीम घ्या, जिची प्रत्येक मॅच जिंकायची शक्यता निम्मी-निम्मी. अशी टीमसुद्धा पंधरा मॅचनंतर १०-५ किंवा त्याहून चांगली, नाहीतर ५-१० किंवा त्याहून वाईट, अशी दहापैकी तीन वेळा दिसणार. लीगमध्ये टीम्स ३०. म्हणजे दर नोव्हेंबरला काही टीम्स फुकटच हिरो होणार आणि काही फुकटच झिरो. विश्वास बसत नसेल तर लॅपटॉप उघडा, पायथॉनमध्ये दहा ओळींचा लूप लिहा आणि दहा हजार सीझन खेळवून बघा. आपल्याकडे नवीन फीचर लाइव्ह गेल्यावर पहिल्या दोन तासांचा ग्राफ बघून कुणी 'यूजर वाढले!' असं ग्रुपवर टाकलं, तर सीनियर लोक काय म्हणतात? 'थांब, अजून ट्रॅफिक तरी येऊ दे.' बास्केटबॉलमध्ये मात्र हे म्हणणारा सीनियर कुणालाच नको असतो.

बडी हील्डचं उदाहरण बघा. २०२४ च्या उन्हाळ्यात तो गोल्डन स्टेटला आला आणि पहिल्या काही आठवड्यांत त्याने टाकलेलं सगळंच पडत होतं. टीम १२-३. लोक म्हणाले, क्ले थॉम्प्सन गेला त्याचं दुःखच संपलं. सीझनअखेर हील्डचा थ्री-पॉइंटरचा आकडा ३७ टक्क्यांवर येऊन बसला. आणि गंमत पुढेच आहे. प्लेऑफच्या पहिल्या फेरीत ह्यूस्टनविरुद्ध सातव्या, निर्णायक मॅचमध्ये याच माणसाने नऊ थ्री-पॉइंटर मारून ३३ पॉइंट्स केले. ३७ टक्केवाला शूटर असाच असतो. त्याचे पाऊस आणि दुष्काळ दोन्ही खरे, पण अंदाज बांधायचा तो सरासरीवरच.

मग क्लीव्हलंडचं १५-० हे नशीब होतं का? निम्म्या-निम्म्या टीमला सलग पंधरा जिंकायची शक्यता ३२,७६८ मध्ये एक. म्हणजे ती टीम खरंच चांगली होती, यात वाद नाही. पण ६४ मॅचेस जिंकणाऱ्या टीमलासुद्धा ओळीने पंधरा जिंकायची संधी शंभरात दोन-तीनच वेळा मिळते. म्हणजे टीमही भारी आणि वाराही अनुकूल, दोन्ही एकत्र. यशातसुद्धा दोन कारणं मिसळलेली असतात, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

दुसरं कारण: आज आहे, उद्या नाही

आता इंडियाना. माझी आवडती गोष्ट.

१०-१५ हे निव्वळ नशीब म्हणून सोडून देता येईल का? ज्या टीमची ५० मॅचेस जिंकायची ताकद आहे, तिने पहिल्या २५ मध्ये दहाच जिंकाव्यात, हे शंभरात दोन-तीन वेळा होतं. म्हणजे गणित स्वतःच सांगतंय की इथे नशिबाशिवाय आणखी काहीतरी आहे. आणि होतंच.

सीझनच्या पहिल्याच मॅचमध्ये बॅकअप सेंटर जेम्स वाइजमनचा अकिलीस, म्हणजे टाचेमागचा जाड स्नायुबंध, तुटला. दहा दिवसांच्या आत दुसरा बॅकअप सेंटर आयझाया जॅक्सन, त्याचाही अकिलीस. एकाच टीमचे, एकाच जागेचे दोन प्लेअर, एकच दुखापत, दोघांचाही सीझन संपला. ॲरन नेस्मिथचा घोटा दुखावला आणि तो कित्येक आठवडे बाहेर. अँड्र्यू नेम्बहार्ड गुडघ्यामुळे आत-बाहेर. टीमचा मेन माणूस टायरीस हॅलिबर्टन आदल्या सीझनमध्ये मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापतीने हैराण झालेला, आणि सूर सापडत नाहीये. २५ ऑक्टोबरला न्यू यॉर्कमध्ये, मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर, तो आठ शॉट खेळला. आठपैकी शून्य. अख्ख्या मॅचमध्ये एकही पॉइंट नाही.

अशा वेळी टीमकडे दोन रस्ते असतात. एक, सगळं मोडून नव्याने मांडायचं. दोन, यातलं काय आपोआप बरं होणार आहे त्याची यादी करायची आणि थांबायचं. इंडियानाने दुसरा रस्ता धरला. कोच रिक कार्लाइल तिथेच राहिले, मुख्य प्लेअर तेच राहिले. नेम्बहार्ड परत आला, नेस्मिथ परत आला, हॅलिबर्टनचे पाय मोकळे झाले. उरलेल्या ५७ मॅचेसपैकी ४० जिंकल्या.

आणि मे २०२५ मध्ये हॅलिबर्टन त्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर परत आला, या वेळी ईस्टर्न कॉन्फरन्सच्या फायनलची पहिली मॅच. वेळ संपता संपता त्याचा शॉट रिंगवर आपटून थेट वर उडाला आणि सरळ आत पडला. मॅच बरोबरीत, ओव्हरटाइम, आणि इंडियाना १३८-१३५ ने जिंकली. सात महिन्यांपूर्वीच्या शून्याचा प्लेअर तो हाच. त्याआधी दुसऱ्या फेरीत त्यांनी कुणाला घरी पाठवलं होतं? ६४ मॅचेस जिंकलेल्या क्लीव्हलंडला, ४-१. मान्य, तेव्हा क्लीव्हलंडचे काही प्लेअर जखमी होते, डॅरियस गार्लंडच्या पायाचं बोट दुखावलेलं होतं. पण नोव्हेंबरमध्ये कुणी हे सांगितलं असतं, तर आपण त्याला ग्रुपमधून काढलं असतं.

फीनिक्सचं प्रकरण याच्या बरोबर उलटं. त्यांच्याकडे जाणारं कारण चांगलं होतं. ८-१ मधल्या काही मॅचेस अगदी काठावर जिंकलेल्या: पहिली क्लिपर्सविरुद्ध ओव्हरटाइममध्ये, नववी डॅलसविरुद्ध फक्त एका पॉइंटने. नवव्या मॅचनंतर ड्युरंट पोटरीच्या दुखापतीने बसला आणि टीमच्या भिंतीमागे विटा नव्हत्या, नुसता रंग होता, हे दिसलं.

तिसरं कारण: राहणारं

मग सुरुवातीला दिसलेलं खरं बदलणं कसं ओळखायचं? माझा नियम साधा आहे. चेंडू आत पडला की नाही, ते नंतर बघा. प्लेअर किती वेळ खेळतोय, किती शॉट घेतोय, कुठून घेतोय आणि त्याचं काम बदललंय का, ते आधी बघा. शॉट पडणं दिवसागणिक बदलतं. काम मात्र कोच ठरवतो, आणि ते असं रोज बदलत नाही.

नॉर्मन पॉवेल, क्लिपर्स. आदल्या सीझनमध्ये बेंचवरून यायचा, सरासरी १३.९ पॉइंट्स. पॉल जॉर्ज फिलाडेल्फियाला गेला, पॉवेल सुरुवातीच्या पाचांत आला, मिनिटं वाढली, शॉट वाढले. सीझनअखेर सरासरी २१.८. ही वाढ टिकली, कारण तिच्या मागे रिकामी झालेली खुर्ची होती.

डायसन डॅनियल्स, ॲटलांटा. ऑस्ट्रेलियाचा पोरगा, न्यू ऑर्लीन्समधून ट्रेडमध्ये आलेला. आल्या आल्या समोरच्याच्या हातातून चेंडू काढून घ्यायला लागला. लोक त्याला 'ग्रेट बॅरिअर थीफ' म्हणायला लागले, त्यांच्याकडच्या ग्रेट बॅरिअर रीफवरून. सीझनअखेर मॅचला सरासरी ३ स्टील्स. १९९०-९१ मध्ये ॲल्विन रॉबर्टसनने केलं होतं, त्यानंतर कुणालाच जमलं नव्हतं. 'मोस्ट इम्प्रूव्ह्ड प्लेअर'चा पुरस्कारही त्यालाच. हे का टिकलं? कारण लांब हात, चपळ पाय आणि रोज समोरच्या टीमच्या सगळ्यात धोकादायक गार्डला पकडायचं काम, यातलं काहीच नशिबावर चालत नाही.

आणि वाईट बाजूला फिलाडेल्फिया. २-१२ हे मध्यम टीमच्या बाबतीत दीडशेत एखाद्या वेळी होईल. पण कारण नुसतं दुर्दैव नव्हतं. जोएल एम्बीडचा गुडघा सीझनआधीपासूनच साथ देत नव्हता. अख्ख्या सीझनमध्ये तो १९ मॅचेस खेळला. इंडियानाच्या दुखापतींना परत येण्याच्या तारखा होत्या, या गुडघ्याला नव्हती. हाच तो फरक. त्या अंधारात एक दिवा होता: सोळाव्या नंबरवर निवडलेला जॅरेड मकेन, पहिल्याच वर्षी सरासरी १५.३ पॉइंट्स. तोही २३ मॅचेसनंतर गुडघ्याच्या दुखापतीने सीझनबाहेर. क्रिकेटमध्ये आपण म्हणतो ना, पनवती लागली, तसंच काहीसं.

घाईची किंमत

आता म्हणाल, चुकला अंदाज तर चुकला, काय बिघडलं? आपलं काहीच बिघडत नाही. पण हीच घाई टीमच्या ऑफिसात होते तेव्हा माणसांच्या नोकऱ्या जातात.

इथे एक मुंबई कनेक्शन आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये भारतात पहिल्यांदा एनबीएच्या मॅचेस झाल्या, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये. सराव सामने होते, पण पहिलाच ओव्हरटाइमपर्यंत गेला, १३२-१३१. टीम्स कोणत्या? इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुळात मुंबईचेच.

पाच वर्षांनी, २०२४-२५ मध्ये, त्याच दोन टीम्स एकाच खड्ड्यात होत्या. पेसर्सचं तुम्ही ऐकलंत. किंग्जचे कोच होते माइक ब्राउन. याच माणसाने २०२२-२३ मध्ये किंग्जना १६ वर्षांनी प्लेऑफमध्ये नेलं होतं आणि 'कोच ऑफ द इयर' पुरस्कार एकमताने मिळवला होता. एकमताने मिळवणारा तो इतिहासातला पहिलाच. आता टीम डगमगत होती, बऱ्याच मॅचेस थोडक्यात हातून जात होत्या. २६ डिसेंबरला डेट्रॉइटविरुद्ध किंग्ज शेवटच्या काही सेकंदांत तीन पॉइंट्सनी पुढे होते. तीन सेकंद बाकी असताना थ्री-पॉइंटर मारणाऱ्या जेडन आयव्हीला फाउल झाला. शॉट पडला, वर फ्री थ्रोही पडला, चार पॉइंट्स. किंग्ज ११३-११४ ने हरले, सलग पाचवा पराभव, रेकॉर्ड १३-१८. दुसऱ्या दिवशी ब्राउनना काढलं.

पुढे काय झालं? उरलेल्या सीझनमध्ये २७-२४. थोडं बरं, पण फेब्रुवारीत टीमचा स्टार डि'ॲरन फॉक्स ट्रेड होऊन सॅन अँटोनियोला गेला आणि किंग्ज ४०-४२ वर थांबले, प्ले-इनमध्ये डॅलसकडून हरले. ब्राउन राहिले असते तर फॉक्स राहिला असता का, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. कोच-प्लेअर संबंध आपल्याला टेबलमध्ये दिसत नाहीत. पण तो शॉट रिंगवर आपटून बाहेर गेला असता, तर त्या सकाळचा निर्णय एवढ्या तडकाफडकी झाला असता का, हा प्रश्न मला सुटत नाही.

आणि नियतीचा विनोद बघा. पेसर्सनी मे महिन्यात न्यू यॉर्कला हरवलं, न्यू यॉर्कने कोच टॉम थिबोडोंना काढलं, आणि त्या जागी कुणाला घेतलं? माइक ब्राउनना.

मग आपण काय बघायचं?

पुढच्या वेळी नोव्हेंबरमध्ये ॲप उघडाल तेव्हा एवढंच करा.

विजय-पराभवाशेजारी पॉइंट्सचा फरक असतो, तो आधी बघा. मॅचला सरासरी आठ पॉइंट्सनी जिंकणारी टीम आणि एकेका पॉइंटने जिंकणारी टीम टेबलमध्ये शेजारी दिसतात, पण जातीने वेगळ्या असतात.

प्लेअरचे पडलेले शॉट बघायच्या आधी मिनिटं आणि घेतलेले शॉट बघा. तिथे बदल असेल तर लक्ष द्या. तिथे काहीच बदल नसेल आणि फक्त टक्केवारी उडाली असेल, तर टाळ्या वाजवा, पण पैज लावू नका.

कोण खेळत नाहीये ते बघा, आणि तो परत कधी येणार आहे तेही.

शेवटचं, आदलं वर्ष पुसून टाकू नका. पेसर्स १०-१५ होते तेव्हा ते आदल्या मेमध्ये कॉन्फरन्स फायनल खेळलेली टीमसुद्धा होतेच. नवे २५ आकडे आले म्हणून जुने शंभर खोटे ठरत नाहीत.

पेसर्सच्या गोष्टीचा शेवट गोड नाही, तेही सांगून टाकतो. २२ जून २०२५, ओक्लाहोमा सिटी, फायनलची सातवी मॅच. पहिल्याच क्वार्टरमध्ये हॅलिबर्टनचा अकिलीस तुटला, टीम १०३-९१ ने हरली. ज्या दुखापतीने त्यांचा सीझन सुरू झाला होता, त्याच दुखापतीवर तो संपला. धीर धरला की ट्रॉफी मिळतेच, असं काही नाही. पण जून महिन्यात सातव्या मॅचला कोर्टवर उभं राहायची संधी मात्र धीर धरणाऱ्यांनाच मिळाली.

चला, आज इथेच थांबतो. तुमच्या लाडक्या टीमची सुरुवात कशी झालीये, आणि त्यामागे नशीब, जाणारं कारण की राहणारं कारण, हे व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातले काही वाजवतो. भेटूया!